मदत हवी आहे : कांदळवनावरील भरावाविरुद्ध हरित लवादात जाण्यासाठी

सर्वांना नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या खाडीकाठच्या कांदळवनात गणपतीनंतर एका खासगी बांधकामासाठी मातीचा भराव सुरू झाला असून, जिथे ओहोटीला बायका कोयती घेऊन कालवे (खाण्याचे शिंपले) काढत, तिथे आता डंपरच्या चाकोऱ्यांत लाल पाणी साचते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांना व त्यांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण दिलेले असूनही आमच्या तीन अर्जांवर केवळ पोच मिळाली (ती मात्र तत्परतेने).

राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात अशा वादासाठी कारण घडल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि त्यांपैकी चार सरले आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेले ‘इन्व्हायर्नमेंटल लॉ अलायन्स वर्ल्डवाइड’ हे जाळे स्थानिक वकिलांना कायदेशीर व शास्त्रीय साहाय्य देते. पण त्यासाठी आधी इथला वकील हवा.

अशी प्रकरणे विनामूल्य किंवा अल्प शुल्कात चालवणारे वकील अथवा संस्था कोणाच्या परिचयात आहेत काय? ग्रामसभेचा ठराव, सातबारा आणि तारखांसह छायाचित्रे तयार आहेत. याशिवाय कोणती कागदपत्रे जोडावीत, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.