मदत हवी आहे: मार्केटिंग सॉफ्टवेअर हाइव्हला जोडताना अडकलोय

नमस्कार मंडळी. ग्राहकांच्या खरेदीचा सगळा इतिहास हाइव्हमध्ये (मोठा डेटा एसक्यूएलसारख्या क्वेरींनी वाचायची प्रणाली) आहे. तो कॉपी न करता, मोहिमेची यादी काढताना थेट तिथूनच वाचायचा आहे. लिनक्स सर्व्हरवर ओडीबीसी ड्रायव्हर (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा दुवा) टाकला, हाइव्हचा १०००० क्रमांकाचा पोर्ट उघडा आहे, माझ्या लॉगिनवरून आयएसक्यूएलने (ओडीबीसी जोडणी तपासायचं कमांड-लाइन साधन) क्वेरी व्यवस्थित चालते. पण सॉफ्टवेअरमधून कनेक्शन तपासलं की ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं) फेल! ओळख तपासणाऱ्या कर्बेरॉस यंत्रणेचं तिकीट, म्हणजे ठराविक मुदतीचा ओळखीचा पुरावा, माझ्या युजरचं आणि सर्व्हिस चालते दुसऱ्याच युजरखाली, गोम तिथेच असावी. सर्व्हिस युजरला कीटॅब (पासवर्ड न टाकता तिकीट मिळवता येईल अशी किल्लीची फाइल) देऊन तिकीट आपोआप नवं होत राहील अशी सोय कोणी केली आहे का?

आणि मोठ्या टेबलांचे जॉइन (टेबलं एकमेकांशी जुळवणं) हाइव्हकडेच होतात हे कसं तपासायचं? सगळा डेटा इकडे ओढला गेला तर आमचा सर्व्हर बसेल, मला खरी काळजी त्याची आहे.