निवृत्त क्रीडाशिक्षकांना शालेय संघासोबत नेता येईल का? मदत हवी आहे

ठाण्यातील एका अनुदानित शाळेत २९ वर्षे खो-खो शिकवणारे आमचे क्रीडाशिक्षक ५८ वर्षे पूर्ण करून मेअखेर सेवानिवृत्त होत आहेत, आणि पुढील जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत १४ व १७ वर्षांखालील मुलींचे संघ त्यांच्याविना उतरणार, ही कल्पनाच मुलींना सहन होत नाही. नवी नेमणूक लगेच होण्याची चिन्हे नाहीत. मी गणिताची शिक्षिका असून व्यवस्थापक म्हणून जाऊ शकते. परंतु खांबावरून सूर मारणाऱ्या मुलीला नेमके कधी आवरायचे, हे सरांनाच कळते. सर विनामानधन येण्यास तयार आहेत, मुख्याध्यापकांची तोंडी संमतीही मिळाली आहे, मात्र संस्थेला लेखी आधार हवा आहे. शाळेच्या पत्रावर निवृत्त शिक्षकांचे नाव मार्गदर्शक म्हणून देता येते, की जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते?