मधुमेहात जीवनसत्त्वाची कोणती गोळी घ्यावी? (इंदूर, महिन्याला ३०० रुपयांपर्यंत)

रामबागचा_रहिवासी: माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना ११ वर्षांपासून टाइप टू मधुमेह आहे. ते रोज २,००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन घेतात, पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांचे एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.६ आले आहे. अलीकडे त्यांच्या तळपायांना मुंग्या येतात. दवा बाजारातील ओळखीच्या दुकानदाराने ३२ घटकांची मल्टिव्हिटॅमिन सुचवली असून तिने शुगरही उतरेल असे तो म्हणतो. कृपया अनुभव सांगावेत.

सराफ्याचा_खवय्या: खर्चाची मर्यादा थोडी वाढवा. माझा मुलगा परदेशातून जी बाटली पाठवतो ती २,८०० रुपयांना पडते, पण रविवारचे पोहे-जिलेबी न सोडताही माझे एचबीएवनसी ८.१ वरून ७.३ वर आले.

खाननदीकाठ: त्यांनी ३०० म्हटले आहे, हे आपण वाचले असावे. मी सांगतो ते ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल. आठवड्याला एक घ्यायचे ६०,००० युनिटांचे पाकीट मी गैरसमजुतीने रोज घेत राहिलो, तेव्हा रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या सुरू झाल्या आणि चार दिवस सलाईनवर काढावे लागले.

निवृत्त_लॅबवाला: ‘ड’ ने शुगर उतरते या समजाला फारसा आधार नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ४,००० युनिट देऊनही मधुमेह होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत खरा प्रश्न बी१२ चा आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास बी१२ चे शोषण कमी होते, त्यात शाकाहाराची भर पडते, आणि या कमतरतेच्या मुंग्या मधुमेहातल्या मुंग्यांसारख्याच असतात. म्हणून आधी रक्ततपासणी करावी आणि गोळी मागाहून घ्यावी, कारण गोळी सुरू झाली की पातळी वर दिसते आणि मूळ कमतरता झाकली जाते.

माळव्याची_माहेरवाशीण: आमच्याकडे रोज दूध-दही असते आणि त्यात बी१२ असते, मग कमतरता कशी होईल?

निवृत्त_लॅबवाला: असते, पण ते आतड्यातून रक्तात उतरले पाहिजे. आणि खवय्यासाहेब, बी१२ च्या कमतरतेने ॲनिमिया झाला असेल तर नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींवर साखर साचत राहते आणि एचबीएवनसी असायला हवे त्याहून जास्त दिसू शकते. कमतरता भरून निघाल्यावर उतरलेला आकडा म्हणजे शुगर उतरलीच असे नाही.

सराफ्याचा_खवय्या: मला ॲनिमिया कधीच नव्हता.

माळव्याची_माहेरवाशीण: मल्टिव्हिटॅमिनमध्ये बायोटिन (ब गटातले एक जीवनसत्त्व) आहे का तेही पाहावे. केसांसाठी मी ते रोज १० मिलिग्रॅम घेत होते, तेव्हा थायरॉईडचा अहवाल इतका उलटा आला की नसलेल्या आजाराचे औषध जवळजवळ सुरू झाले होते. गोळी थांबवून पुन्हा तपासले तर सर्व ठीक होते.

खाननदीकाठ: मीही हेच म्हणतो, बी१२ तपासून घ्यावे.

रामबागचा_रहिवासी: सर्वांचे आभार. तपासणीत बी१२ १४८ पिकोग्रॅम, म्हणजे बरेच कमी आले. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवले होते, पण वडिलांना सुईचे वावडे असल्यामुळे रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी ठरली असून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे आहे. ३२ घटकांची बाटलीही आणावी लागली, कारण त्या दुकानदाराशी तीस वर्षांची ओळख आहे आणि वडिलांना त्याचा शब्द मोडवत नाही. तिच्यात बायोटिन आहे, त्यामुळे पुढच्या तपासणीआधी ती बंद ठेवायचे त्यांनी कबूल केले आहे. दोन्ही मिळून ४१० रुपये झाले.

सराफ्याचा_खवय्या: मर्यादा ओलांडायचीच होती तर माझ्या बाटलीत काय वाईट होते?