ग्वाल्हेरचा नॅरोगेज मालशेड १:८७ मध्ये करतोय, पण काहीतरी चुकतंय. सल्ला द्या

लष्करकर_लूपलाइन:
नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागात राहतो. आमचे आजोबा इथे मालबाबू (रेल्वेत मालाचे कारकून) होते, जंक्शनवर ब्रॉडगेजच्या डब्यातला माल हमाल लोक पाठीवर घेऊन नॅरोगेजच्या डब्यात भरायचे तिथे त्यांची ड्यूटी असायची. बाबा पुढच्या वर्षी ७५ चे होतायत तर तो शेड मॉडेल करून द्यायचा असं डोक्यात घेतलंय. मधे फलाट, एका बाजूला मोठी लाइन आणि दुसऱ्या बाजूला श्योपूरची छोटी लाइन, ४ फूट बाय २ फूट प्लायवर. वर काचेची पेटी येणार.

स्केल १:८७ (खऱ्यातले ८७ मिमी म्हणजे मॉडेलमध्ये १ मिमी) धरलं कारण रेडिमेड रूळ त्यातच मिळाले. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मोठ्या लाइनला १६.५ मिमी आणि छोटीला ९ मिमी. तीन BOXN... म्हणजे बॉक्सएन मालडबे स्टायरीन (प्लास्टिक) शीट कापून स्वतः केले, रिव्हेटसकट (बायको म्हणाली डोळे फोडून घ्या आता). नॅरोगेजचे चार डबे थ्रीडी प्रिंट करून मागवले होते ते गच्चीवरच्या खोलीत ठेवले आणि मे महिन्यात एक दिवस बघतो तर चारही केळ्यासारखे वाकलेले. ते गेलेच.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. सगळं नुसतं मांडून बघितलं तर मजाच येत नाहीये. आमच्याकडे १९७१ चा एक फोटो आहे त्यात छोटी लाइन अगदी खेळण्यासारखी दिसते आणि शेजारचा ब्रॉडगेजचा डबा म्हणजे हत्ती. माझ्याकडे दोन्ही सख्ख्या भावासारखे दिसतायत. मापं तीनदा तपासली. कुठे चुकतोय? आणि शेडची भिंत दगडी आहे, वर पन्हाळी पत्रा, त्याचंही कोणीतरी सांगा.

डभोईकर:
भाऊ तू चुकला नाहीस, रूळ चुकलेत. हिशेब करून बघ. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला ८७ नी भागलं की १९.३ येतात. तू वापरलेस १६.५, तो युरोप अमेरिकेच्या १४३५ च्या लाइनसाठीचा रूळ आहे. आणि तुमची ग्वाल्हेरची छोटी लाइन दोन फुटी होती म्हणजे ६१० मिमी, भागिले ८७ बरोबर ७. तू घातलास ९. म्हणजे मोठी लाइन बारीक झाली नि छोटी लाइन जाड झाली. खऱ्यात मोठी लाइन छोटीच्या पावणेतीन पट रुंद, तुझ्या प्लायवर पावणेदोन पटीच्या जरासंच वर. हत्ती गेला कुठे ते कळलं का आता.

आमच्या बडोद्याला हा त्रास नाही बरं का 😄 डभोईची छोटी लाइन अडीच फुटी होती, ७६२ मिमी, १:८७ ला ८.८ येते, ९ चा रूळ डोळे मिटून घाल. गायकवाडांनी विचार करूनच बांधली असणार. १८६२ साली डभोई ते मियागाम बैल जोडून गाडी ओढायचे, तुमच्याकडे तेव्हा रुळाचा पत्ता नव्हता.

मस्करी सोड. एकच प्रश्न विचारतो आणि त्याच्यावरच सगळं ठरेल, गाडी चालवायची आहे का नुसती काचेत ठेवायची आहे? चालवायची असेल तर तडजोड करावीच लागते कारण इंजिनाची चाकं ठरलेल्या गेजचीच मिळतात. पण तू तर पेटीत ठेवणार म्हणतोस. मग रेडिमेड रूळ कशाला पाहिजे? तोच फ्लेक्सी ट्रॅक (वाकणारा रेडिमेड रूळ) घे, प्लास्टिकच्या स्लिपरमधून (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) रूळ ओढून बाहेर काढ, आइस्क्रीमच्या काड्या नाहीतर बाल्साचं हलकं लाकूड चिरून स्लिपर कर आणि रूळ १९.३ आणि ७ वर स्वतः चिकटव. पितळेच्या पट्टीला दोन खाचा पाडून अंतर तपासायचं माप कर, दर दोन इंचावर लावून बघ. एका रविवारचं काम आहे. चाकांचा अॅक्सल (आस) मोठ्या डब्याला लांबवावा लागेल, मधे कापून बारीक नळीत घाल.

वाकलेल्या डब्यांबद्दल, ते पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असणार. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात गच्चीवर पत्र्याखालची बंद खोली म्हणजे भट्टीच. पुढच्या वेळी एबीएस प्लास्टिकमध्ये काढून घे. आणि काचेची पेटी खिडकीसमोर ठेवू नको.

वाघीणकाका:
मी बरीच वर्षं वॅगन दुरुस्तीत काढली त्यामुळे नाक खुपसतो. आमच्या वेळी मराठीत वॅगनला वाघीण म्हणायचे, आता सगळेच डबा म्हणतात, असो.

बेटा, बॉक्सएनला रिव्हेट नसतात. ती सगळी वेल्डिंगची बॉडी. पण रिव्हेट खरवडत बसू नकोस त्याआधी दुसरं ऐक. तुझा फोटो १९७१ चा म्हणतोस ना, तर बॉक्सएन तिथे कशी उभी राहील? ती आली १९८० नंतर. कॅसनब बोगी (खालचा चाकांचा सांगाडा), एअर ब्रेक, डबे जोडायला मधोमध कपलर, बफर (टोकाचे धक्का झेलणारे दट्टे) नाहीत. तुझ्या आजोबांनी जो माल उतरवला तो चारचाकी बंद वाघिणीतून, रिव्हेट मारलेल्या, दोन्ही टोकांना दोन दोन बफर, मधे हुक आणि स्क्रू कपलिंग, व्हॅक्यूम ब्रेक. शिवाय बॉक्सएन ही कोळसा-खनिजाची उघडी वाघीण, तिच्यातून धान्याची पोती आणि किराणा कोण उतरवेल शेडमध्ये?

मापं पाहिजेत तर फोटोतूनच काढ. वाघिणीचं तोंड समोरून दिसतंय असा फोटो शोध. खालच्या रुळांमधलं अंतर १६७६ हे तुला माहीतच आहे, तीच तुझी फूटपट्टी. दोन बफरच्या मध्यांतलं अंतर १९५६ मिमी, बफर रुळापासून साधारण ११०५ वर. हे तिन्ही जुळले की रुंदी उंची आपोआप निघते. बाजूच्या फोटोत पर्स्पेक्टिव्ह असतो, तिथे घाई करू नको.

चारचाकीची चेसिस जोडताना काचेच्या तुकड्यावर ठेवून जोड. चारपैकी एक चाक हवेत राहिलं तर ते पेटीच्या काचेतूनही दिसतं, आणि माझ्यासारख्याला तर पहिलं तेच दिसतं.

लष्करकर_लूपलाइन:
काका 😭😭 तीन रविवार गेले हो त्या बॉक्सएन मध्ये. पण तुमचं खरं आहे, फोटो परत काढून भिंगाखाली बघितला तर बफर दिसतायत चक्क. मी लहानपणी स्टेशनवर ज्या मालगाड्या बघितल्या त्याच डोक्यात होत्या, आजोबांच्या नव्हत्याच.

डभोईकर भाऊ, चालवायचं नाहीये. तुमचं म्हणणं पटलं. रात्री जेवण झाल्यावर एक फूट रूळ १९.३ वर लावून बघितला शेजारी ७ चा ठेवला, आणि खरं सांगतो आईला हाक मारून दाखवलं. आई म्हणाली हां हीच ती, हिच्यात बसून जौऱ्याला जायचो आम्ही. बैलवाल्या लाइनवाल्यांचे आभार 🙏 (पण चांदीची गाडी आमच्याकडेच आहे, जयविलास राजवाड्यात, जेवणाच्या टेबलावर फिरायची. ती मात्र स्केलमध्ये नाहीये.)

आता भिंत आणि पत्रा राहिला.

महूची_मीटरगेज:
भिंतीचं मी सांगते, इंदूरहून. आमच्या मीटरगेजला (एक मीटर रुंद लाइन) १:८७ मध्ये १२ मिमीचा रूळ जवळजवळ फिट बसतो म्हणून या गेजच्या भांडणात मी पडत नाही. त्या लाइनीवरचा पातालपाणी ते कालाकुंडचा तुकडा केलाय मी, दगडी बांधकाम भरपूर झालंय हातून.

आधी उंची काढ. शेडचा काही भाग विटांचा असेल तर थर मोज. आपल्याकडे वीट सांध्यासकट साधारण ९ इंच लांब नि ३ इंच उंच धरतात, म्हणजे ४० थर झाले की १० फूट. जुनी वीट कधीकधी पातळ असते म्हणून त्या भागातली एक वीट टेपनं मोजून ये. नुसता दगड असेल तर दरवाजा धर. माल शेडचा फलाट रुळापासून साडेतीन फुटाच्या आसपास असतो, तुझ्या मॉडेलमध्ये १२ मिमीच्या थोडं वर. आणि हे महत्त्वाचं, नॅरोगेजच्या डब्याचा तळ खाली असतो त्यामुळे त्या बाजूला तेवढाच उंच फलाट असेल असं धरून चालू नकोस, फोटोत हमाल फळीवरून चढतोय का उतरतोय ते बघ. असल्या शेडची सगळी गंमत त्या फळीत आहे.

दगडासाठी मी सनबोर्ड (फोमचा बोर्ड) वापरत नाही, कडा फुगीर दिसतात. १ मिमी स्टायरीनवर पातळ थर पुट्टीचा, अर्धवट वाळला की कंपासच्या टोकानं सांधे ओढायचे. सगळे दगड एका मापाचे ओढू नको. ग्वाल्हेरचा दगड पिवळट-गुलाबी आहे, तर सगळीकडे एकच रंग मारून वर चारपाच दगड सुटे सुटे थोडे गडद कर, सात आठ थोडे फिके. मग काळपट पाणी सोडायचं सांध्यात आणि ओल्या कापडानं वरचं पुसायचं.

पन्हाळी पत्रा, याला माझी युक्ती आहे. खऱ्या पत्र्याची एक लाट ३ इंचाची, तुझ्या स्केलमध्ये ०.८७ मिमी. हार्डवेअरवाल्याकडून ५ मिमीचा आटे पाडलेला रॉड आण, त्याचे आटे ०.८ मिमीवर असतात. मिठाईच्या, केकच्या डब्याचा अॅल्युमिनियमचा जाड फॉइल जुन्या माऊसपॅडवर ठेव आणि रॉड दाबून एकदाच लाटण्यासारखा फिरव. पोळी लाटतो तसा मागेपुढे केलास तर दुसरी रेघ पहिलीवर चढते नि सगळं वाया. मग ते ८ फुटी पत्र्याच्या मापाचे तुकडे कापून एकावर एक थोडे चढवून लाव. अख्खा एक पत्रा लावलास तर प्लास्टिकचं खेळणं दिसेल.

गंजाला महागडे रंग घेऊ नको. कुंभाराकडचा नाहीतर पूजेच्या दुकानातला गेरू घे, कापडातून गाळ. गेरू म्हणजे आयर्न ऑक्साइडच, गंजाला गंजच लावतोयस. फक्त त्याआधी मॅट (चमक नसलेलं) लॅकर मार, चकचकीत रंगावर पावडर धरत नाही. परत वरून लॅकर मारलास की पावडर अर्धी गायब होते म्हणून हातचं राखू नको, जरा जास्तच लाव. खिळ्यांच्या खालून ओघळ वरून खाली, आडवे नाहीत. आडवे केलेले मी बघितलेत म्हणून लिहितेय.

वाघीणकाका:
ताईंनी छान सांगितलं. एक भर. वाघिणीला सगळीकडे सारखा गंज नसतो. दाराच्या खालची कड, जिथे हमाल पोतं घासत ओढतो, तिथे रंग जाऊन लोखंड चकचकीत होतं. आणि दाराशेजारी खडूचे आकडे. मालबाबू खडूनंच लिहायचे. फोटोत दिसत असतील तर तेच लिही.

डभोईकर:
खडीचं कोणीच बोललं नाही. वाळू घे, रव्याच्या चाळणीतून खाली पडेल ती आणि मैद्याच्या चाळणीवर उरेल ती. साधारण अर्धा मिमी येते, म्हणजे खऱ्यात ४०-४५ मिमी, ब्रॉडगेजला चालते. छोट्या लाइनला त्याहून बारीक आणि मातीच जास्त, खडी कमी. आधी पाण्यात साबणाचा थेंब टाकून फवार, मग पातळ फेविकॉल ड्रॉपरनं. साबण विसरलास तर फेविकॉलचा थेंब वाळूचा गोळा घेऊन पळतो.

लष्करकर_लूपलाइन:
मंडळी, दोन महिन्यांनी आलोय. रूळ झाले, खडी झाली (साबण विसरलो होतो, पळाला गोळा). पत्रा सातव्या प्रयत्नात जमला. चारचाकी वाघीण एक झाली, दुसरी काचेवर सुकतेय. रिव्हेटसाठी मागून सुई दाबली, ते बॉक्सएनवरचं शिक्षण इथे कामी आलं. बॉक्सएन तिन्ही भाच्याला दिल्या, तो खूश, त्याला १९७१ शी काही घेणंदेणं नाही.

गंमत म्हणजे लपवून ठेवायचं होतं पण बाबांनी काल बघितलंच. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग चष्मा काढून आजोबांच्या खोलीच्या दाराकडे बोट केलं, म्हणाले हे दार आत उघडायचं, बाहेर नाही, बाहेर पोत्यांची थप्पी असायची. मी लहान असताना जेवणाचा डबा घेऊन जायचो, दार ढकललं की मागे तुझे आजोबा.

तर आता ते दार काढायचंय. फेविक्विकनं पक्कं बसलंय. एसिटोन लावू का?

महूची_मीटरगेज:
अजिबात नको!! एसिटोननं दारासकट भिंत विरघळेल, स्टायरीन आहे ते. तेवढा तुकडा सुटा होत असेल तर पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेव. फेविक्विक गार झालं की ठिसूळ होतं, मग पातळ ब्लेड बिजागरीच्या बाजूनं हळू घाल, सुटेल. आणि थप्पीची पोती कर आता, जुन्या सुती बनियनचे तुकडे, आत रवा.