प्रतिसाद: लिंक चालते, पण फाइल तीच आहे का?

मॅन्युअलमधल्या लिंकांसाठी दर आठवड्याला लिंक-चेकर (लिंका उघडतात का ते पाहणारा प्रोग्राम) चालवला की झालं, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. त्याने ४०४, म्हणजे मेलेल्या लिंका, सापडतात, पण खरा घोळ चालू लिंकांमध्ये असतो. परळला आमच्या लॅबमध्ये मुलांना अलाइनमेंट (सिक्वेन्सिंगमधून आलेले छोटे तुकडे, म्हणजे रीड, जीनोमवर जुळवणं) शिकवताना हे नेहमी दिसतं. एन्सेम्बल या जीनोम-डेटाबेसच्या ‘करंट’ (चालू आवृत्तीच्या) फोल्डरची लिंक दिली, की नवं रिलीज आल्यावर त्याच पत्त्यावर वेगळी जीटीएफ फाइल (जीनोमवर कुठला जीन कुठे आहे याची यादी) मिळते. चेकर गप्प, आणि जीनवरचे रीड-काउंट बदललेले! रिलीज क्रमांकाचीच लिंक द्या, शेजारी चेकसम (फाइल तीच आहे का हे ओळखायला तिच्या मजकुरावरून काढलेला कोड) लिहा. कृपा करून लिहाच.

पेपरमधल्या लिंका तर दुरुस्तही करता येत नाहीत. स्टार या अलाइनमेंट प्रोग्रामच्या २०१३ च्या पेपरच्या सारांशातच गूगल कोड या कोड ठेवायच्या सेवेचा पत्ता आहे. ती सेवा २०१६ मध्ये बंद झाली. मॅन्युअलमध्ये प्रोग्रामसाठी गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा पत्ता द्या, पेपरसाठी डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक).