मदत हवी: मायक्रो-सीटीत कार्टिलेज दिसतच नाही

रखडलेला_संशोधक
ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (कार्टिलेज म्हणजे सांध्यातली कूर्चा झिजण्याचा आजार) प्रयोगातल्या प्राण्यांच्या गुडघ्यांचे मायक्रो-सीटी (अगदी बारीक तपशील टिपणारे एक्स-रे) स्कॅन झाले. हाड झकास आलंय, ट्रॅबेक्युली (हाडाच्या आतली जाळी) अगदी स्वच्छ. पण फीमर (मांडीचं हाड) आणि टिबियाच्या (नडगीचं हाड) मध्ये नुसती काळपट फट. समीक्षकाने कार्टिलेजची जाडी मागितली आहे, गाइड म्हणतात द्यायलाच हवी. थ्रेशोल्ड (किती उजळ भाग धरायचा ती मर्यादा) खाली आणला की सगळीकडे कचरा दिसतो. कोणती सेटिंग बदलू? जरा लवकर सांगा, मुदत जवळ आली आहे.

निशाचर
कोणाचे गुडघे? रॅट की माऊस? व्हॉक्सेल (स्कॅनमधला सगळ्यात लहान ठिपका) किती? जिवंतपणी स्कॅन की नंतर? आजार कसा घडवला, मेनिस्कसचा (गुडघ्यातली गादी) बंध कापून की इंजेक्शनने? एवढं लिहिल्याशिवाय सेटिंग कोण सांगणार?

हाडांचा_हिशेब
सेटिंगचा प्रश्नच नाही. कूर्चा आणि सांध्यातलं द्रव, दोन्ही एक्स-रे जवळपास सारखेच शोषतात. थ्रेशोल्ड कितीही हलवा, जो फरक टिपलाच गेला नाही तो दिसणार कुठून? कॉन्ट्रास्ट लागेल. आयॉक्साग्लेटसारखं ऋणभारित आयोडीनचं द्रव्य घ्या. कूर्चेतल्या प्रोटिओग्लायकनवरही (साखरेच्या साखळ्या असलेली प्रथिनं) ऋणभारच असतो, त्यामुळे निरोगी कूर्चा त्याला आत येऊ देत नाही. प्रोटिओग्लायकन झिजलं की ते आत शिरतं आणि तो भाग उजळ दिसतो. नॉन-आयोनिक घेऊ नका, त्याला भाराचं काही पडलेलं नसतं.

चुंबकीय
एवढा खटाटोप कशाला? एमआरआय करा. 7 टेस्लाचं प्राण्यांचं यंत्र असेल तर टी2 मॅपिंगमध्ये (ऊतीचा चुंबकीय संकेत किती वेळात ओसरतो त्याचा नकाशा) कोलॅजेनची घडी विस्कटलेली आणि पाणी वाढलेलं लवकर कळतं. तोच प्राणी पुन्हा पुन्हा तपासता येतो, म्हणजे प्राणीही कमी मारावे लागतात. सीटीवाल्यांना हाडापलीकडे दिसत नाही.

हाडांचा_हिशेब
@चुंबकीय, माऊसच्या गुडघ्यात एमआरआयच्या एका स्लाइसच्या जाडीत कूर्चा, द्रव आणि मेनिस्कस सगळं एकत्र कालवलं जातं, ते सांगा की. शिवाय ऑस्टिओफाइट (हाडाच्या कडेची वाढ) आणि सबकॉन्ड्रल (कूर्चेखालच्या) हाडाची जाडी कशावर मोजणार?

गुडघेदुखी_त्रस्त
आईच्या गुडघ्यात गॅप कमी झालाय म्हणाले एक्स-रेत. ही मायक्रो-सीटी माणसांची होते का?

निशाचर
नाही हो. ही लहान प्राण्यांसाठी आणि काढलेल्या नमुन्यांसाठी असते. आईंचं अस्थिरोगतज्ज्ञांनाच विचारा, वेगळा धागा काढा.

रखडलेला_संशोधक
रॅट. एमआयए (मोनोआयोडोअॅसिटेट) इंजेक्शन, दुसऱ्या गुडघ्यात सलाइन. प्राणी आता नाहीत, गुडघे फॉर्मॅलिनमध्ये. व्हॉक्सेल 18 मायक्रॉन, अॅल्युमिनियम फिल्टर लावला होता. एमआरआय आमच्याकडे नाही, ते सोडा. निम्मे नमुने स्कॅननंतर हिस्टॉलॉजीला (काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला) गेलेत, ईडीटीएत (हाडातलं कॅल्शियम काढणारं द्रावण) आहेत. आयॉक्साग्लेट मिळेल असं वाटत नाही. दुसरं काही?

निशाचर
रॅट असेल तर 18 चालून जाईल. माऊसमध्ये कूर्चा 100 मायक्रॉनच्या आतबाहेर, तिथे पाच-सहा ठिपक्यांत काय मोजणार?

सॅफ्रानिन
निम्मे ईडीटीएत आहेत ना? मग भांडण कशाला? सॅफ्रानिन-ओ (प्रोटिओग्लायकन रंगवणारा रंग) करा, ओएआरएसआय पद्धतीने (झिजेला गुण द्यायची ठरलेली पद्धत) गुण द्या, जाडीही तिथेच मोजा. समीक्षकाला जाडी हवी आहे, यंत्र नव्हे.

हाडांचा_हिशेब
काप जरा तिरका गेला की जाडी फुगते. शिवाय एका कापात लोडच्या जागेची कूर्चा असेलच असं नाही. गुणांसाठी हिस्टॉलॉजी उत्तम, जाडीच्या नकाशासाठी नाही. आणि ईडीटीएतल्या गुडघ्यांचं मायक्रो-सीटी विसरा. कॅल्शियम गेलं की कूर्चेखालची सीमारेषाच गेली.

कोष्टक
एमआयए हे मॉडेलच मला पटत नाही. ग्लायकोलिसिस (पेशीची साखरेतून ऊर्जा काढायची क्रिया) बंद पाडून पेशी मारायच्या आणि त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणायचं! वेदनेच्या अभ्यासाला ठीक आहे. डंकिन-हार्टली गिनीपिगला तर काही न करता होतो.

निशाचर
प्रयोग उरकलाय, कोष्टकराव. आता मॉडेल बदलायला सांगता?

ओलावा
कॉन्ट्रास्ट न लावता एक मार्ग आहे. उरलेल्या नमुन्यांचा सांधा उघडा. फीमर आणि टिबिया वेगळे करा, मेनिस्कस काढा, बाहेरचं पाणी टिपून घ्या आणि हवेत स्कॅन करा. कूर्चा आणि द्रव यांत फरक नसतो, पण कूर्चा आणि हवा यांत चांगला असतो. वरची सीमा हवेने मिळते, खालची हाडाने. नळीच्या तळाशी ओला कापूस ठेवा, पण तो नमुन्याला लागू देऊ नका. झाकण घट्ट बसवून वर पॅराफिल्म गुंडाळा. कूर्चा सुकली तर आक्रसते, स्कॅन चालू असताना सरकते आणि कडा दुहेरी येतात. हाड फोमच्या तुकड्यात घट्ट रोवा. एकाच नमुन्याचा छोटा स्कॅन सुरुवातीला आणि शेवटी घेऊन जुळवला, की आक्रसली का ते कळतं.

हाडांचा_हिशेब
हे जमेल. पण यात फक्त जाडी मिळेल, प्रोटिओग्लायकनबद्दल काही कळणार नाही. आणि सांधा उघडताना स्कॅल्पेलचं टोक पृष्ठभागाला लागलं, तर तीच झीज म्हणून मोजाल. बंध बाजूने कापा, मधे टोक खुपसू नका.

चुंबकीय
तरी पुढच्या वेळी एमआरआयचा विचार करा.

रखडलेला_संशोधक
@ओलावा, फॉर्मॅलिनमधून काढल्यावर पीबीएसमध्ये (फॉस्फेट मिसळलेलं खारं द्रावण) किती वेळ ठेवू? आणि सलाइनचा गुडघा त्याच नळीत बसवला तर चालेल?

ओलावा
रात्रभर, मधे एकदा पीबीएस बदलून. एका नळीत दोन्ही बसतील, पण कुठला कोणता हे ओळखायला एका फोमला खाच पाडा. मोजणाऱ्याला मात्र खाच कुठल्याची ते सांगू नका.