रॉड ब्रेकची सायकल घेऊन ग्रुपमध्ये कुठे राहायचं?

जुन्या बाजारातून १८०० रुपयांत काळी दांड्याची सायकल घेतली आहे. २८ इंची चाकं, रॉड ब्रेक (तारेऐवजी लोखंडी सळयांनी ओढले जाणारे), गिअर नाहीत. हॉस्टेल ते कॉलेज झकास चालते. आता कॉलेजची मुलं रविवारी पहाटे पुण्यातल्या डेक्कनवरून खडकवासल्याला जातात, त्यांच्यात जायला लागलोय. बाकी सगळे गिअरवाले.

अडचण अशी: चढाला मी मागे पडतो, उताराला सायकलच्या वजनानेच पुढच्याच्या चाकाला भिडतो. गेल्या रविवारी पाऊस होता, स्टीलची रिम ओली, ब्रेक दाबला तरी सायकल सरकतच राहिली. पुढच्याच्या मडगार्डला टायर घासला. तो काही बोलला नाही, पण नंतर सगळे माझ्यापासून जरा लांबच!

ब्रेकचे चारही रबर नवे टाकले, रिम घासून पुसली, रॉड ताणून घेतले. कोरड्या रस्त्यावर फरक पडला, ओल्यात जेमतेम. दोन सायकलींचं अंतर ठेवून पाहिलं, तर मध्ये स्कूटर घुसतात.

नवी सायकल घ्या म्हणू नका, बजेट फार तर ५०० आहे. हेल्मेट आहे, मागे लाल दिवाही आहे.

मी सगळ्यात शेवटीच राहावं का? पावसात अंतर किती सोडायचं? आणि उताराला पुढे जायचं झालं तर घंटी वाजवायची की 'उजवीकडून' असं ओरडायचं? माझी घंटी एवढी खणखणीत आहे की लोक दचकतात.